रात्रीच्या लाईटीचं इंग्रजी

माझी भाची सहावीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. दिवाळीत गावी गेलो तेव्हा तिने इंग्रजीची वही दाखवली. 'माय डेली रूटीन' या विषयावर दहा वाक्यं. चौथं वाक्य होतं, 'माय फादर गोज टू द फार्म ॲट क्वार्टर टू टेन ॲट नाईट.' 'क्वार्टर टू टेन ॲट नाईट'वर लाल रेघ आणि वर बाईंच्या अक्षरात, 'नाईन ओ'क्लॉक इन द मॉर्निंग'.

"बाई म्हणल्या, वडील सकाळी कामाला जातात असं लिहायचं असतं," ती म्हणाली. "पण मामा, लाईट तर रात्री दहाला येती."

मी ते वाक्य तीनदा वाचलं. 'गो'ला लागणारा प्रत्यय बरोबर, जो माझ्या ऑफिसातले निम्मे लोक अजून गिळतात. 'क्वार्टर टू' बरोबर. 'इन द मॉर्निंग'मध्ये 'द' येतो आणि 'ॲट नाईट'मध्ये येत नाही, हेसुद्धा पोरीने अचूक पकडलं होतं. व्याकरणाची एकही चूक नव्हती. वाक्य खरं होतं, एवढंच त्याचं चुकलं.

बाईंवर माझा राग नाही. त्यांच्याकडे अनेक वर्ग, वर कागदपत्रं, आणि नमुना उत्तराशी जुळेल त्यालाच मार्क. माझा राग त्या नमुना उत्तरावर आहे. 'आय गेट अप ॲट सिक्स. आय ब्रश माय टीथ. आय हॅव माय ब्रेकफास्ट ॲट एट. इन द ईव्हनिंग आय प्ले विथ माय फ्रेंड्स.' महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. माझी पिढी त्या निर्णयानंतरची. आम्ही पहिलीपासून हाच दिवस पाठ केला. तो दिवस कुणाचा होता हे कधी कळलं नाही. आमच्याकडे सकाळी चहात बुडवून शिळी चपाती खायचे, तिला कुणी 'ब्रेकफास्ट' म्हटलं नव्हतं.

आता काही मित्र म्हणतात, दिनचर्या आणि घड्याळाचे धडेच बालिश आहेत, सरळ बोलायला शिकवा. हे मला पटत नाही. रोज काय करतो आणि किती वाजता करतो, इंग्रजी व्याकरणात शिरायला याहून चांगलं दार नाही. क्रियापदं रोजची, काळ एकच, कर्ता बदलला की प्रत्यय बदलतो, आणि वेळ सांगताना 'ॲट', 'इन', 'ऑन' आपोआप येतात. मराठीत 'सहाला', 'सोमवारी', 'सकाळी' असं शब्दाच्या शेपटीला लावून भागतं. इंग्रजीत शब्दाआधी वेगवेगळं काहीतरी उभं करावं लागतं. हे घोकून बसत नाही, रोजच्या वेळा सांगून बसतं. धडा उत्तमच आहे. त्यात भरलेलं आयुष्य मात्र बनावट आहे.

घड्याळाचंच बघा. फळ्यावर गोल काढायचा, उजवीकडे 'पास्ट', डावीकडे 'टू', आणि वर बजावायचं की मराठीत विचार करू नका. अरे, का नको? आजच्या पोरांना वेळ दिसते ती मोबाईलवर, 6:45 अशी. काट्याचं घड्याळ घरात असेलच असं नाही. पण त्यांच्या तोंडात 'पावणेसात' आहे. वाजलेले असतात सहा, आणि नाव आपण घेतो येणाऱ्या सातचं, पाव कमी करून. 'क्वार्टर टू सेव्हन' अगदी हेच करतं. सव्वासहा, साडेसहा म्हणताना आपण होऊन गेलेल्या सहाला धरतो. 'क्वार्टर पास्ट सिक्स', 'हाफ पास्ट सिक्स' तेच. जर्मन माणूस साडेसहाला 'अर्धं सात' म्हणतो, त्याला इथे डोकं उलटं करावं लागतं. आपल्याला नाही. दीड आणि अडीच तेवढे हट्टी, साडेएक-साडेदोन होत नाहीत. ते पाच मिनिटांत सांगून होतं. आजीकडून फुकट मिळालेलं हे भांडवल आपण वर्गाबाहेर चपलांपाशी ठेवायला लावतो.

(जाता जाता: मराठीत उशीर 'मला होतो', इंग्रजीत मीच 'लेट' असतो. एसटीने येणाऱ्या मुलाला 'आय ॲम लेट'च्या आधी 'द बस इज लेट' शिकवा.)

खरी अडचण पुढे आहे. "काय करतोस?" "जेवतो." हे झालं आत्ताचं. "रोज नऊला काय करतोस?" "जेवतो." हे रोजचं. मराठीत एकच रूप दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत 'आय ईट' वेगळं आणि 'आय ॲम ईटिंग' वेगळं, आणि हा फरक पोरांना कळायचा तर त्यांच्या दिवसात काहीतरी बदलायला हवं. पुस्तकातला मुलगा कायम सहाला उठतो. त्याच्याकडे लाईट जात नाही, पाहुणे येत नाहीत, आई आजारी पडत नाही. त्याला दुसऱ्या रूपाची गरजच पडत नाही, म्हणून ते तक्त्यातच राहतं.

माझ्या दाजींच्या शेतीपंपाला थ्री फेज लाईट पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन अंधारात दारं धरायला जातो, साप-विंचवाच्या भीतीने काठी आपटत. आता व्याकरण बघा. 'यूज्वली' ते केव्हा जातात? 'धिस वीक' केव्हा जात आहेत? नेहमीची गोष्ट आणि सध्यापुरती गोष्ट, हाच तर त्या दोन रूपांमधला फरक. जो धडा शिकवायला तक्ते कमी पडतात, तो या पोरीच्या घरात दर आठवड्याला घडतो. आणि नेमका तोच आपण लाल शाईने खोडला.

याची किंमत मी मोजलेली आहे. कॉलेजात कॅम्पस मुलाखतीत विचारलं, तुझा नेहमीचा दिवस कसा असतो? मी घोकलेला दिवस म्हणून दाखवला. संध्याकाळी क्रिकेट खेळतो, असंही म्हणालो. समोरचे खूश झाले, विचारलं, बॅटिंग की बोलिंग? माझी वाचा बसली. संध्याकाळी मी झेरॉक्सच्या दुकानात काम करायचो. त्याबद्दल मी अर्धा तास बोलू शकलो असतो, मोडकंतोडकं का होईना. पण ते इंग्रजीत सांगायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती नोकरी गेली. माझं इंग्रजी कच्चं म्हणून गेली असं सगळे म्हणाले, मीही तेच म्हणत राहिलो.

कुणी म्हणेल, मग 'ब्रेकफास्ट' शिकवायचाच नाही का? शिकवा की. दुसऱ्याचा दिवस खुशाल वाचायला द्या, लंडनच्या मुलाचा द्या, मुंबईच्या डबेवाल्याचा द्या. फक्त त्याच्या डोक्यावर 'माय' लिहू नका. आणि फोन भाषांतर करतो, आता व्याकरण कशाला, असं म्हणणाऱ्यांना सांगतो: ती साधनं मी रोज वापरतो. तुम्ही जे टाकाल त्याचं ती भाषांतर करतात. जी गोष्ट सांगायचीच नसते असं सहावीत शिकलात, ती तुम्ही टाकणारच नाही.

वही परत देताना मी खोडलेल्या ओळीखाली पेन्सिलने बरोबरची खूण केली. बाईंना भेटायला जायचं होतं, पण शाळेला सुट्टी होती. मागच्या आठवड्यात ताईच्या फोनवरून भाचीचा मेसेज आला: 'धिस वीक लाईट इज कमिंग ॲट डे. माय फादर इज स्लीपिंग ॲट नाईट.' दोन्ही ठिकाणी 'आयएनजी' जिथे हवं तिथे. 'ॲट डे' चुकलं आहे, 'ॲट नाईट'वरून तिने ते आपलं आपणच जुळवलं असणार. रविवारी फोन करून सांगेन.