पत्ता कोणाच्या मालकीचा?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि वसई तालुका नव्या पालघर जिल्ह्यात गेला. वसई-विरारच्या लक्षावधी रहिवाशांचा पत्ता एका रात्रीत जुना झाला. परंतु श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १९७२ साली सुरू झालेला पिनकोड कायम होता. पाकिटावर ‘जिल्हा ठाणे’ असले म्हणून पोस्टमन वाट चुकला नाही. रेल्वेनेही ‘बेसीन रोड’चे वसई रोड केले, तरी स्थानकाची सांकेतिक अक्षरे आजही बी.एस.आर. हीच आहेत. सार्वजनिक व्यवस्था जुन्या नावाशी इमान राखते ते असे.

खासगी भांडवलाच्या ताब्यातील ई-मेलचा न्याय निराळा. पहाटेच्या लोकलने चर्चगेट गाठणाऱ्या कारकुनाला कचेरीने दिलेला पत्ता नोकरीबरोबरच जातो. फुकटचा पत्ताही त्याचा नव्हेच. इंडियाटाइम्सने २०१३ साली आपली ई-मेल सेवाच गुंडाळली. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसण्याचे धोरण गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून अमलात आणले. पत्ता गेला की बँक, विमा, प्राप्तिकर या सर्वांची दारे बंद होतात, कारण पत्ता बदलण्याची परवानगी पुष्कळदा त्या बंद पडलेल्या पत्त्यावरच पाठविली जाते!

यावर जाणकारांचा तोडगा तयार असतो: स्वतःचे डोमेन घ्या, एकाच टपालपेटीला अनेक पर्यायी नावे जोडा, बँकेला एक द्या, दुकानदाराला दुसरे. तोडगा खोटा नाही. पण पर्यायी नाव जोडता येते ते आपल्या हुकमतीतील डोमेनवर. कंपनीच्या नावाने संपणारा गेलेला पत्ता नव्या पेटीला जोडून देण्यास कोणी बांधील नाही. आणि डोमेन तरी काय, भाड्याचेच घर. मुदतीत शुल्क भरले नाही तर ते दुसरा घेतो, आणि जुन्या नावांवर येणारी पत्रे त्याच्या हाती पडतात. अकरा महिन्यांच्या करारावर नालासोपाऱ्यात बिऱ्हाड थाटणाऱ्याला हा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाला, तो कंपन्यांच्या औदार्याने नव्हे, नियमाच्या सक्तीने. ई-मेलचा पत्ता तसा उचलून नेता येत नाही, हे मान्य. मात्र खाते बंद करण्यापूर्वी किमान एक वर्ष येणारी पत्रे ग्राहकाच्या नव्या पत्त्यावर वळविणे यंत्राला मुळीच अवघड नाही. घर बदलल्याची लेखी सूचना घेऊन टपाल खाते हेच करीत आले आहे. तेवढेच बंधन ई-मेल कंपन्यांवर कायद्याने घालण्यास दिल्लीतील राज्यकर्त्यांची कोणती अडचण आहे?