प्रपंच मागे ठेवून

भोर-वेल्ह्याच्या ज्या डोंगरी मुलखातून पुण्यास शिकावयास जाणे हेच एके काळी देशांतर वाटे, तेथील चाळिशीचा एखादा गृहस्थ रजा मंजूर करवून विलायतेच्या विद्यापीठात पुन्हा दाखल होऊ पाहतो, तेव्हा मला आंबेडकर आठवतात; शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतलेल्या आणि पुढे मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी केलेल्या या विद्वानाने, शाहू छत्रपतींच्या साहाय्यावर व मित्राच्या कर्जावर भिस्त ठेवून, 1920 मध्ये लंडनलाच पुनश्च प्रवेश केला. एकोणतिशीचा विद्यार्थी प्रौढ कसला, असे कोणी म्हणेल. पण त्याच्यामागे मुंबईत पत्नी रमाबाई संसार रेटीत होत्या. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. मिळाली ती 1923 साली.