तळ्यातले टायर

परवा मोखाड्याकडचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पन्नाशीला आलाय, पण अजूनही उंबऱ्याशी चप्पल काढून "गुरुजी, आत येऊ का?" असंच विचारतो. दोन वर्षांपासून तो शेततळ्यात रोहू, कटला सोडतो. पण बोटुकली सोडली की बरीचशी बगळे आणि खंड्या उचलतात, कारण लपायला जागाच नाही. कुणीतरी त्याला सुचवलं, जुने टायर बुडव. नाशिक रस्त्यावरचा पंक्चरवाला फुकट द्यायला तयार आहे. "माशांना फुकटात घरं होतील, गुरुजी. आणि कुजायची भीती नाही!"

त्याची अडचण खरी आहे. माशाला आडोसा हवाच. पण 'कुजत नाही' हा जो गुण तो सांगत होता, तोच मला खटकला.

मंडळी, हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. १९७२ च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ सुमारे २० लाख टायर समुद्रात टाकले. हेतू चांगलाच होता, माशांना घर मिळावं. पुढे बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, वादळांत टायर सुटले आणि शेजारच्या जिवंत प्रवाळावर आदळू लागले. २००७ पासून लष्कराचे पाणबुडे ते वर काढू लागले. टाकायला सोपं, काढायला कठीण!

शेततळ्यात वादळी लाटा नाहीत, हे मान्य. पण रबरात जस्त असतं, इतर रसायनंही असतात. टायरला भेगा पडू नयेत म्हणून मिसळलेल्या एका रसायनापासून जे विष बनतं, ते रस्त्यावरून ओढ्यात जाऊन कोहो सामन मासे मरतात, असं २०२० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. आपल्या रोहूचं तसंच होईल, असं मी म्हणत नाही. पण त्याच तळ्यावर फाल्गुनापर्यंत गुरं पाणी पितात, आणि सांडव्याचा ओहोळ पुढे वैतरणेला मिळतो. ज्या मुलखात बायाबापड्या उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालतात, तिथे पाण्याशी असा जुगार कशाला?

आणि 'फुकट' म्हणजे तरी काय? जुन्या टायरची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ पासून नियमाने टायर बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. ती आपण आपल्या तळ्यात का घ्यायची?

मी त्याला म्हटलं, "राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतोस ना? त्यातल्या चार भारे बाजूला ठेव. पाला झाडून टाक, नाहीतर तो कुजून पाण्यातला प्राणवायू खाईल. वैशाखात तळ उघडा पडला की दगड बांधून ठेवून दे. सोबत बांबू रोव." बांगलादेशात तळ्यांत बांबू रोवून पाहिले आहेत. त्यावर शेवाळ धरतं आणि रोहू ते खातो. म्हणजे आडोसाही आणि चाराही! जाळं टाकायच्या आधी मात्र फांद्या बाहेर काढाव्या लागतील.

"पण गुरुजी, त्या दोन-तीन वर्षांत कुजतील."

"कुजू देत. पुन्हा नव्या टाक. चुकलं तर काढता येईल, एवढंच पाण्यात टाकावं."

तो हसला. पटलं की नाही, ते वैशाखात कळेल. मी जाऊन बघणार आहे.