टायटॅनियमचं हृदय १०० दिवस चाललं, मग शेवटी माणसाचंच हृदय का बसवलं?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठे काका रोज सकाळी बातम्यांचे स्क्रीनशॉट टाकतात. मार्च २०२५ मध्ये असाच एक आला. हातात मावेल एवढी चकचकीत धातूची वस्तू, आणि वर लाल अक्षरात लिहिलेलं, ‘हृदयदानाची गरज संपली!’ खाली काकांचा मला टॅग करून मेसेज: ‘तू ते अवयवदानाचं फॉर्म भरलंयस ना मोबाईलवर? गेलं वाया.’

मी हसण्याची इमोजी टाकून विषय सोडला. पण मूळ बातमी शोधून वाचली तेव्हा कळलं की स्क्रीनशॉटमध्ये बातमीचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा नेमका उलटी गोष्ट सांगतो.

काय झालं होतं ते आधी बघू. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या चाळिशीतल्या एका माणसाचं हृदय निकामी होत आलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलमध्ये डॉ. पॉल जान्स यांच्या टीमने त्याचं हृदय काढून त्या जागी ‘बायव्हॅकॉर’ नावाचं टायटॅनियमचं यंत्र बसवलं. फेब्रुवारीत तो माणूस ते यंत्र छातीत घेऊन हॉस्पिटलबाहेर पडला. असं यंत्र बसवून घेऊन घरी गेलेला तो जगातला पहिला माणूस. एकूण शंभरहून जास्त दिवस तो त्या यंत्रावर जगला. आणि मार्चच्या सुरुवातीला त्याला कुणीतरी दान केलेलं खरं हृदय मिळालं, यंत्र काढलं गेलं.

म्हणजे गरज संपली नव्हती. यंत्राने फक्त खरं हृदय मिळेपर्यंत त्याला जिवंत ठेवलं होतं. डॉक्टर याला ‘ब्रिज टू ट्रान्सप्लांट’ म्हणतात. मला विचाराल तर आपल्याला जास्त कळणारा शब्द आहे, इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर पंखा चालू ठेवतो, पण तो वीज तयार करत नाही.

तरी यंत्र भारी आहे, यात वाद नाही. इंजिनिअर म्हणून मला त्यावर दोन-चार परिच्छेद लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

आपलं हृदय म्हणजे खरं तर शेजारी शेजारी लावलेले दोन पंप. उजवा पंप रक्त फुफ्फुसांकडे ढकलतो, कमी दाबाने. डावा पंप तेच रक्त पूर्ण शरीरात पाठवतो, त्याच्या कितीतरी पट दाबाने. मिनिटाला साधारण पाच लिटर, दिवसाला लाखभर ठोके. एका वर्षाचे साडेतीन कोटींच्या वर. आता एखादा रबरी पडदा वर्षाला साडेतीन कोटी वेळा फुगवायचा आणि दाबायचा म्हटलं तर तो कधी ना कधी फाटणारच. जुन्या कृत्रिम हृदयांचं दुखणं हेच होतं. १९८२ मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला बार्नी क्लार्क नावाच्या डेंटिस्टना ‘जार्विक-७’ बसवलं होतं. ते ११२ दिवस जगले, पण पूर्ण वेळ वॉशिंग मशीनएवढ्या अवजड कॉम्प्रेसरला नळ्यांनी जोडलेले.

बायव्हॅकॉरने ठोके ही कल्पनाच बाजूला ठेवली. त्यात पडदा नाही, झडप नाही. हलणारा भाग एकच, फिरणारी एक चकती. तिच्या एका बाजूची पाती फुफ्फुसांकडे रक्त ढकलतात, दुसऱ्या बाजूची शरीराकडे. ती कशालाही टेकलेली नसते, चुंबकाच्या जोरावर मध्येच तरंगत फिरते. मॅग्लेव्ह ट्रेन ऐकली असेल, तेच तत्त्व. घासणं नाही म्हणून झिजणं नाही. डाव्या-उजव्या बाजूचा तोल बिघडला तर चकती किंचित इकडे-तिकडे सरकून तो सावरते. सेन्सर जागा मोजतात, कंट्रोलर चुंबकाचा करंट बदलतो, परत मोजतात. कॉलेजात कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर मी कसाबसा काढला होता. त्या विषयावर कुणाचा श्वास अवलंबून असू शकतो हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर जरा जास्त अभ्यास केला असता.

हे यंत्र ज्यांच्या डोक्यातून आलं ते डॅनियल टिम्स ऑस्ट्रेलियन इंजिनिअर. त्यांचे वडील प्लंबर होते आणि हृदयविकारानेच गेले. पंप, पाइप आणि दाब हे घरातच शिकलेला मुलगा.

बाहेरून मात्र यंत्राला बॅटरी आणि कंट्रोलर लागतोच, पोटातून निघालेल्या वायरीने जोडलेला. आपल्या फोनची बॅटरी दोन टक्क्यांवर आल्यावर आपली काय अवस्था होते ते आठवा, आणि मग विचार करा. शिवाय वायर जिथून त्वचेबाहेर येते तिथे जंतुसंसर्गाचा धोका कायमचा. रक्त धातूला लागलं की गुठळी होऊ पाहतं, म्हणून रक्त पातळ ठेवण्याची औषधं, आणि ती जास्त झाली की रक्तस्राव.

आणि बिघाड. नुसत्या डाव्या बाजूला मदत करणारे पंप, ज्यांना एलव्हॅड म्हणतात, ते बरीच वर्षं वापरात आहेत. त्यातला ‘एचव्हॅड’ नावाचा पंप मेडट्रॉनिक कंपनीने जून २०२१ मध्ये विकणं बंद केलं. काही पंप थांबल्यावर पुन्हा सुरू होत नव्हते किंवा उशिरा होत होते, आणि मेंदूच्या झटक्यांचं प्रमाण दुसऱ्या पंपांच्या तुलनेत जास्त दिसत होतं. आमच्याकडे सर्व्हर रीस्टार्ट झाला नाही तर रात्री दोनला फोन येतो आणि शिव्या पडतात. इथे तो सर्व्हर कुणाच्या तरी छातीत आहे. ज्यांच्यात पंप आधीच बसवलेला होता त्यांचं काय? नीट चालत असेल तर तो काढायचा नाही, असाच सल्ला होता, कारण काढण्याचं ऑपरेशनही धोक्याचंच.

यंत्रावर माणूस जगवण्याची सुरुवात मात्र हृदयाच्या आत नाही, बाहेर झाली. तुमच्या ओळखीत कुणा ना कुणा काकांचं बायपास झालेलं असेलच. अशा बऱ्याच ऑपरेशनमध्ये हृदय औषध देऊन मुद्दाम थांबवतात आणि तेवढा वेळ रक्त बाहेरच्या हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात. ते मशीन चालवणारा माणूस म्हणजे पर्फ्युजनिस्ट. बायपासनंतर आपण सर्जनला पेढे देतो, त्याला मात्र बघतही नाही. हे मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात केलं, अठरा वर्षांच्या मुलीवर. १९६७ च्या डिसेंबरमध्ये केप टाउनला क्रिस्टियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं ते या मशीनशिवाय शक्यच नव्हतं. जुनं हृदय काढलंय आणि नवं अजून शिवायचंय, त्या मधल्या वेळेत रक्त कोण फिरवणार?

एक्मो हा त्याच मशीनचा धाकटा भाऊ. हार्ट-लंग मशीन काही तासांचं, एक्मो काही दिवसांचं किंवा आठवड्यांचं. शरीरातून काळपट रक्त बाहेर काढायचं, बारीक पोकळ तंतूंच्या जुडग्यातून नेऊन त्यात ऑक्सिजन भरायचा, कार्बन डायऑक्साइड काढायचा, आणि लाल रक्त परत आत सोडायचं. फक्त फुफ्फुसं दमली असतील तर रक्त शिरेतून काढून शिरेतच परत देतात. हृदयही दमलं असेल तर ते धमनीत देतात.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला एप्रिल २०२१ मध्ये. आम्ही चार-पाच मित्र रात्ररात्र जागून बेड आणि ऑक्सिजनची गूगल शीट चालवत होतो. एका रात्री एका मुलीचा फोन आला. वडील व्हेंटिलेटरवर, डॉक्टर म्हणतायत एक्मो लागेल, तुमच्या शीटमध्ये आहे का? आमच्या शीटमध्ये तो कॉलमच नव्हता. मी तिला होल्डवर ठेवून गूगल केलं. सकाळपर्यंत बारा-तेरा फोन लावले. एका ठिकाणी मशीन होतं, पण आधीच एका पेशंटला लावलेलं. दुसऱ्या ठिकाणी मशीन होतं, चालवणारा माणूस नव्हता. तिसऱ्या ठिकाणी दोन्ही होतं आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून ती मुलगी गप्प झाली. दुपारी तिचा मेसेज आला, ‘आता नको, थँक यू.’ तो नंबर अजून माझ्या फोनमध्ये ‘एक्मो’ नावानेच सेव्ह आहे.

त्या वेळी मला वाटलं होतं की अडचण मशीनची आहे. मशीन वाढवा, प्रश्न सुटेल. आता वाटतं, हे अर्धंच खरं आहे. एक्मो वेळ विकत घेतं. त्या वेळात फुफ्फुसं किंवा हृदय आपलं आपण सावरलं तर उत्तम, आणि बरेच जण सावरतातही. पण सावरणार नसेल तर पुढे कायमचा पंप हवा किंवा दुसऱ्याचं हृदय हवं. दोन्ही नसेल तर तो पेशंट शुद्धीवर असूनही मशीनवर अडकून पडतो. मशीन बंद करायचं कधी, हा प्रश्न मग घरच्यांपुढे येतो.

आता काकांच्या स्क्रीनशॉटकडे परत येऊ. समजा दहा जण हृदयाची वाट बघतायत आणि वर्षात हृदयं मिळणार आहेत चार. यंत्र नसेल तर काही जण वाट बघताना जातील, रांग आपोआप लहान होईल. हे लिहायलाही वाईट वाटतं, पण तसंच होतं. आता सगळ्यांना टायटॅनियमचं हृदय दिलं. दहाच्या दहा जण जिवंत. फार चांगली गोष्ट. पण हृदयं अजून चारच आहेत, आणि पुढच्या वर्षी रांगेत आणखी दहा येणार. म्हणजे यंत्र जितकं चांगलं, तितकी रांग लांब. जोपर्यंत यंत्रच कायमचं पुरेल इतकं भरवशाचं होत नाही, तोपर्यंत दात्याची गरज यंत्रामुळे कमी होत नाही, उलट वाढते. बायव्हॅकॉरवाल्यांचं ध्येय कायमचं यंत्र हेच आहे. आजवर ते मोजक्या माणसांत बसवलंय, बहुतेकांत काही दिवस किंवा आठवडे. शंभर दिवस आणि वीस वर्षं यात बरंच अंतर आहे.

आणि आपल्याकडची रांग? २०२३ मध्ये पूर्ण भारतात मरणोत्तर अवयवदाते होते १,०९९. एकशे चाळीस कोटींच्या देशात. म्हणजे दहा लाख माणसांमागे एकही नाही. स्पेनमध्ये हाच आकडा चाळिशीच्या वर आहे. हृदय प्रत्यारोपणं आपल्याकडे वर्षाला दोन-अडीचशेच्या घरात.

गंमत अशी की आपण या बाबतीत मागून आलेले नाही. बर्नार्ड यांच्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या टीमने हृदय प्रत्यारोपण केलं होतं. जगातल्या अगदी पहिल्या काहींपैकी एक. पेशंट काही तासच जगला. पण तेव्हा आपल्याकडे मेंदूमृत्यू म्हणजे काय याचा कायदाच नव्हता. तो आला १९९४ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. मुंबईला पुन्हा हृदय बसायला मात्र २०१५ उजाडलं. ते हृदय पुण्याहून आलं होतं.

पुण्याहून आणण्याची घाई कशासाठी? काढलेलं हृदय बर्फात साधारण चार तास टिकतं. म्हणून ग्रीन कॉरिडॉर, म्हणून सिग्नल अडवून धावणारी ॲम्ब्युलन्स. सगळ्या तंत्रज्ञानाच्या शेवटी एक बर्फाची पेटी आणि ट्रॅफिक पोलीस.

कायद्यातली एक गोष्ट फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. मेंदूमृत्यू एक डॉक्टर ठरवत नाही. चार डॉक्टरांचं पॅनल असतं, प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधलं त्यात कुणी नसतं, आणि सगळ्या चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. ‘फॉर्म भरलं की डॉक्टर वाचवायचा प्रयत्नच करत नाहीत’ असं जे म्हणतात त्यांना एवढं जरूर सांगा.

दुसरी गोष्ट मलाही उशिरा कळली. मी ते फॉर्म नोट्टोच्या सरकारी पोर्टलवर भरलं, आधार टाकला, ओटीपी आला, सर्टिफिकेट डाउनलोड झालं. पाच मिनिटं. स्टोरीला पण टाकलं. मला वाटलं, झालं काम. पण तशी वेळ आलीच तर आयसीयूच्या बाहेर डॉक्टर माझं सर्टिफिकेट नाही, माझ्या आईचा चेहरा बघणार. प्रत्यक्षात घरच्यांची संमती घेतल्याशिवाय आपल्याकडे पुढे जात नाहीत. आई नाही म्हणाली तर ती पीडीएफ फोनमध्ये पडून राहणार. आणि आईला मी सांगितलंच नव्हतं. काकांना कळलं ते स्टोरीवरून, आई इन्स्टाग्रामवर नाही.

मग गेल्या रविवारी सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. आधी ‘असलं अभद्र बोलू नकोस’ झालं, मग पाच मिनिटं काहीच नाही. मी सिडनीचं सांगितलं, टायटॅनियमची चकती सांगितली, शेवटी त्या माणसाला कुणाच्या तरी घरच्यांनी हो म्हटलं म्हणून हृदय मिळालं हेही सांगितलं.

तव्यावरची पोळी उलटून ती म्हणाली, ‘आणि ते बंद पडतं का रे मध्येच, ते मशीन?’

मी म्हटलं, पडू शकतं.

‘मग माझं पण भर ते फॉर्म. पण काकांना मी सांगेन, तू नको.’