वर्गाबाहेरचा तास

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला की वाद मिटला, हे कायद्याचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. सप्टेंबर 1979 मध्ये त्याच विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या चौघांनी ते मानायला नकार दिला. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी थेट सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. निकाल बदलला नाही. पण देशभर महिला संघटना रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदाच बदलला. कोठडीतल्या अत्याचारात संबंध सिद्ध झाल्यावर ‘माझी संमती नव्हती’ हे स्त्रीचे म्हणणे न्यायालयाने आधी गृहीत धरायचे, असे ठरले.

वकीलपत्र न घेता, काळा कोट न घालता झालेले हे काम. धागमवार तेवढ्यावर थांबल्या नाहीत. 1985 मध्ये त्यांनी दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था काढली, सामान्य माणसाला कायदा समजावून सांगणे हे तिचे मुख्य काम. सातपुड्यातल्या अक्राणीचे आदिवासी आणि कायदा यांच्या नात्यावरही त्यांनी लिहिले.

ती अक्राणी आज आपल्याच छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या हद्दीत येते. मराठवाड्याच्या पक्षकाराची मुंबईवारी थांबावी म्हणून 27 ऑगस्ट 1981 रोजी या शहरात न्यायमूर्ती बसू लागले. त्यालाही आव्हान दिले गेले, ते 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. मराठवाडा, अहिल्यानगर आणि खान्देश मिळून बारा जिल्हे आज इथे येतात. न्यायालय जवळ आले, हे खरेच. पण सोयगावच्या विधवेला वारस नोंदीसाठी तलाठ्याने परत पाठवले, तर तिला खंडपीठाचा काय उपयोग? तिला आधी कागद वाचून दाखवणारे कोणीतरी लागते.

ते कोणीतरी या शहरात आहे. माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे, डॉ. आंबेडकर विधी महाविद्यालय आहे, 2017 पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विधी महाविद्यालयाने ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली विधी साहाय्य केंद्र चालवायचे असते. शेवटच्या वर्षाची मुले तिथे बसतात. त्यांना न्यायालयात उभे राहता येत नाही, पण अर्ज लिहिता येतो, नोटिशीचा अर्थ सांगता येतो, प्रकरण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नेता येते. महिलेला उत्पन्नाची अट न लागता सरकारी खर्चाने वकील मिळतो, हेच किती घरांत ठाऊक असेल?

अनेक ठिकाणी मात्र हे केंद्र म्हणजे दारावरची पाटी आणि वर्षातून एक शिबिर. हार, दीपप्रज्वलन, फोटो, चहा. दोष एकट्या प्राध्यापकांचा नाही. पदोन्नतीला शोधनिबंध उपयोगी पडतो, कन्नडच्या बाजारात बसून लिहून दिलेला अर्ज कोण मोजतो? पूर्णवेळ पगारी नोकरीमुळे त्यांना वकिली करता येत नाही, म्हणजे लोकांसाठी काम करायला त्यांच्याकडे हीच एक जागा उरते. तीही फुकटची हमाली ठरवली, तर उत्साही माणूसही दोन वर्षांत थकतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. केंद्रातले तास प्राध्यापकाच्या कार्यभारात धरा. प्रत्येक महाविद्यालयाने एकेक तालुका वाटून घ्यावा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तहसील कचेरीजवळ टेबल मांडावे. किती जण आले, किती प्रकरणे मार्गी लागली, हे वर्षाच्या अखेरीस जाहीर करावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, विधी सेवा प्राधिकरण कायदा 1995 पासून लागू आहे. कुलगुरूंनी आणि प्राचार्यांनी पुढच्या सत्राच्या वेळापत्रकातच हे तास घालावेत.