बांधावरून विद्यापीठापर्यंत

स्मरणिकेसाठी लिहावयाचे म्हटले की संस्थेची वाटचाल, दात्यांचे ऋण आणि गुणवंतांची नामावली हे विषय ओघानेच येतात. ते आमचे सहकारी समर्थपणे मांडतीलच. आम्ही मात्र इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने एका वेगळ्याच विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे क्रॉसकंट्री, अर्थात मैदान सोडून रानातून, चढउतारांवरून आणि चिखलमातीतून धावण्याची शर्यत.

पेण आणि रोहा तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून आपल्या वसतिगृहात येणारी मुले पायी चालतच मोठी झालेली असतात. क्रीडासप्ताहात ती धावू लागली की प्रमुख पाहुणे हमखास म्हणतात, "ही मुले जात्याच काटक!" हेतू कौतुकाचाच असतो, परंतु या 'जात्याच' शब्दाशी आमचे भांडण आहे. शाळा दूर, एस.टी. गावापर्यंत येत नाही आणि पाणी टेकडीखाली, म्हणून ती मुले चालतात. गैरसोयीने अंगी आलेल्या सवयीला जन्मजात गुण म्हणणे आम्हांस मान्य नाही. ज्यांचे पाय जन्मतः चांगले त्यांना पुस्तकांची काय गरज, असा निष्कर्ष त्या कौतुकातून कधी निघेल हे सांगता येत नाही. आपल्या समाजाने असे निष्कर्ष पुष्कळ सोसले आहेत.

या शर्यतीचा इतिहास तर नेमके उलटे सांगतो. क्रॉसकंट्री हा खेळ म्हणून घडला तो विद्यालयांत. इंग्लंडमधील रग्बी शाळेतील 'क्रिक रन' ही दीर्घ धाव १८३० च्या दशकातली. पुढे काही विद्यार्थी 'ससे' होऊन कागदाचे कपटे टाकीत जात आणि मागचे 'शिकारी कुत्रे' होऊन त्यांचा माग काढीत. शाळेतला हा खेळ विद्यापीठांत गेला आणि १८८० मध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्यातील क्रॉसकंट्री सामना सुरू झाला. १९०३ मध्ये स्कॉटलंडमधील हॅमिल्टन येथे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स यांची पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. ऑलिंपिकमध्येही ही शर्यत १९१२, १९२० आणि १९२४ अशी तीनदा झाली. पॅरिसच्या कडक उन्हात १९२४ साली ३८ पैकी केवळ १५ जण अंतिम रेषा गाठू शकले आणि त्यानंतर ती ऑलिंपिकमधून वगळली गेली.

विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा चळवळीने मात्र ती जपली. १९२३ मध्ये पॅरिस येथे विविध देशांचे विद्यार्थी खेळाडू प्रथम एकत्र आले. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघ स्थापन झाला आणि १९६८ पासून जागतिक विद्यापीठ क्रॉसकंट्री स्पर्धा दर दोन वर्षांनी भरू लागली. युरोपात रुजलेली ही स्पर्धा २०१४ मध्ये युगांडातील एंटेबे येथे, २०१६ मध्ये इटलीतील कॅसिनो येथे, तर २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथे झाली. २०२० ची स्पर्धा कोरोनाच्या साथीने हिरावली. भारतीय विद्यापीठ संघ आपल्याकडे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा घेतो. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत असल्याने पेण किंवा रोह्याच्या महाविद्यालयातील मुलीलाही या वाटेचे पहिले पाऊल आपल्याच गावात टाकता येते.

या स्पर्धांची एक अट आम्हांस फार मोलाची वाटते. तेथे नुसते वेगाने धावून चालत नाही. धावणारा विद्यापीठात शिकत असावा लागतो, अथवा नुकताच पदवीधर झालेला असावा लागतो. म्हणजे पाय आणि पुस्तक यांची फारकत तेथे मुळातच अमान्य आहे.

महाराष्ट्राच्या मातीत धावपटू नाहीत असे कोण म्हणेल? बेळगावकडचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळविले. नाशिकच्याच संजीवनी जाधव यांनी २०१७ मध्ये तैपेई येथील जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत याच अंतराचे रौप्यपदक आणले. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. तेथे सैन्यदलाच्या क्रॉसकंट्रीतून त्यांचा गुण पुढे आला आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी स्टीपलचेसचे रौप्यपदक जिंकले. साबळे यांचा अभिमान कोणाला वाटणार नाही? तरीही शिक्षक म्हणून एक प्रश्न आम्हांस टोचत राहतो. असा मुलगा आधी शाळेच्या वा महाविद्यालयाच्या नजरेत का भरत नाही?

उत्तर आमच्याच अनुभवात आहे. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील एक मुलगी अनवाणी धावून तालुक्यात पहिली आली. आम्ही तिला प्रमाणपत्र दिले, छायाचित्र काढले आणि टाळ्या वाजविल्या. दहावीनंतर ती आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेली. महाविद्यालयातही धावता येते, तेथून विद्यापीठाच्या संघात जाता येते, हे तिला आम्ही कधी सांगितलेच नव्हते. कारण ते आम्हांलाही नीट ठाऊक नव्हते. हा दोष तिच्या गरिबीवर ढकलून आम्हांस मोकळे होता येणार नाही. वाट ठाऊक असणे हीसुद्धा एक मालमत्ता आहे, आणि ती आपल्या घरांत अद्याप वारशाने आलेली नाही.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वसतिगृहांसाठी संस्था काढली आणि १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. वसतिगृहाचे दार महाविद्यालयाकडे उघडले पाहिजे, हाच आम्ही त्यातून घेतलेला बोध आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. भात कापून झाले की डिसेंबर-जानेवारीत खाचरे मोकळी होतात. वालाचे पीक सोडून, बांधांवरून आणि टेकडीच्या उतारावरून शाळेची क्रॉसकंट्री दरवर्षी व्हावी. तिला ना क्रीडासंकुल लागते, ना महागडी साधने. बूट, दूध-अंडी आणि जाणता मार्गदर्शक मात्र लागतात. तेवढा भार माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. मुलींची शर्यत मुलांइतक्याच अंतराची असावी. जागतिक क्रॉसकंट्रीत २०१७ पासून दोघांनाही दहा किलोमीटर आहेत. आणि दहावीनंतर प्रत्येक धावपटूच्या महाविद्यालयीन प्रवेशापर्यंत एका माजी विद्यार्थ्याने त्याच्या सोबत राहावे. पालकांनीही खेळाने अभ्यास बुडतो ही समजूत सोडावी. येथे अभ्यास सुटला तर शर्यतच सुटते.

क्रॉसकंट्रीत सांघिक निकाल लावताना ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करतात. ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. पहिला आलेला एकटा संघाला जिंकून देऊ शकत नाही. मागून येणाऱ्याने गाठलेला एकेक क्रमांक मोजला जातो. आपल्यापैकी जे पुढे पोहोचले, नोकरीत स्थिरावले, शहरात राहू लागले, त्यांनी ही बेरीज विसरू नये. आपली मुले अजून बांधावर धावत आहेत.