लहान पातेले



रमजान ईदला आमच्या चुलीवर शीरखुर्म्याची दोन पातेली चढतात. मोठ्यात गव्हाच्या शेवया, लहानात तांदळाच्या. लहान पातेले माझे. भेटायला आलेल्या बायका दरवर्षी विचारतात, ‘मॅडम, अजून पथ्य सुरूच का?’ मी सांगते, ‘हे जन्माचे आहे.’

बारा वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर बारीक पाणीदार फोड उठू लागले. खाज अशी, की रात्री उठून गार फरशीवर कोपर टेकवून बसायची. फळ्यावर लिहिताना बाही वर सरकली की मुली बघायच्या. कुणी खरूज म्हटले, कुणी अंगातली उष्णता, कुणी नागीण. तीन वर्षे मलमे चोळली. शेवटी सोलापूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी फोडाशेजारच्या कातडीचा छोटा तुकडा आणि रक्त तपासायला पाठवले. निदान आले : डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. नावात हर्पिसचा भास असला तरी ही नागीण नव्हे, आणि शिवल्याने ती कुणाला होत नाही.

कणकेला चिकटपणा देणारे ग्लूटेन हे प्रथिन गहू, जव यांत असते. काहींच्या शरीराला ते सोसत नाही. आतड्याला इजा होते आणि कातडीवर असे फोड येतात. माझे पोट कधी दुखलेही नव्हते, म्हणून गव्हावर संशय गेला नाही. या फोडांचे वर्णन अमेरिकेतील डॉ. डूरिंग यांनी १८८४ मध्येच केले होते. आतड्याशी त्यांचे नाते मात्र १९६६ मध्ये उघड झाले.

डॉक्टरांनी डॅप्सोन सुरू केली. त्याआधी रक्ताच्या तपासण्या केल्या, कारण या गोळीने काहींचे रक्त कमी होते. खाज काही दिवसांतच थांबली. पण हीच गोळी कुष्ठरोगावरही देतात. मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. एका जवळच्या बाईने माझ्या घरचे पाणीसुद्धा नाकारले. त्या दिवशी मी रडले. फोडांनी इतके रडवले नव्हते.

गोळी खाज थांबवते, आतडे बरे करत नाही. ते काम पथ्याचे, आणि त्याला महिने नव्हे, वर्षेही लागतात. आपल्या भूम भागात हे तसे अवघड नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, डाळी, मटण, अंडी, दूध, आपला खवा, सारे चालते. गुलाबजामात मात्र मैदा असतो. नान, खिचडा, हलीम, नानखटाई बंद. जवाचा तलबीनाही बंद. कबाबात पावाचा चुरा आहे का, हे विचारावे लागते. बाजारच्या बहुतेक हिंगातही गव्हाचे पीठ असते.

दुसऱ्या वर्षी पथ्य पाळूनही फोड परतले. खूप शोधल्यावर कळले, दोष गिरणीचा. गव्हामागून त्याच जात्यावर माझी ज्वारी दळली जायची. तेव्हा घरघंटी घेतली. सासूबाईंनी माझा तवा आणि परात वेगळी ठेवली; त्यांनी ते मनावर घेतले नसते तर माझे पथ्य टिकले नसते. पुढे हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्याने, गोळीही सुटली.

हा दोष रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, म्हणून लेकीची तपासणी केली. अल्हम्दुलिल्लाह, तूर्त तिला काही नाही.

कुणाच्या कोपर-गुडघ्यांवर, ढुंगणावर, डोक्यात असे खाजरे फोड वारंवार येत असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तपासणीपूर्वी गहू बंद करू नका, नाहीतर निदान हुकते. आणि तुमच्या दावतीत एखादी बाई चपातीला हात लावत नसेल, तर ‘एका घासाने काय होते’ असा आग्रह करू नका. एका घासानेही होते. तिच्यासाठी दोन भाकरी थापा.